‘तुमचेच राहील, फक्त थोडे बदलू’

एखाद्याची वस्तू हातातून हिसकावून घेणारा माणूस आपल्या परिचयाचा आहे. त्याला ओळखण्यासाठी आपल्या वाडवडिलांना कोणत्याही पुस्तकाची गरज पडली नाही. परंतु त्याच वस्तूची तोंडभर स्तुती करीत, तिच्या धन्याला मानाने खुर्ची देऊन, ‘ही तुमचीच राहील, फक्त थोडी बदलू’ असे गोड शब्दांत सांगून ती काढून घेणारा जो दुसरा माणूस आहे, तो ओळखणे अवघड असते. कारण वस्तू गेली हे धन्याच्या ध्यानी येते तेव्हा प्रत्येक बदलावर त्याचीच संमती पडलेली असते, आणि तक्रार करावी तर कोणाविरुद्ध, हेच त्याला उमजत नाही.

या दुसऱ्या माणसाचे अत्यंत नेमके चित्र मला एका परदेशी विनोदी मालिकेत सापडले. मालिकेचे नाव ‘एपिसोड्स’. ब्रिटनची बीबीसी आणि अमेरिकेची शोटाइम वाहिनी यांनी मिळून ती काढली. जानेवारी २०११ मध्ये ती सुरू झाली आणि २०१७ मध्ये संपली. पाच पर्वे, एकूण ४१ भाग. डेव्हिड क्रेन आणि जेफ्री क्लॅरिक हे तिचे कर्ते. यांपैकी क्रेन हे ‘फ्रेंड्स’ या जगभर गाजलेल्या मालिकेच्या दोन निर्मात्यांपैकी एक. म्हणजे ज्या कारखान्याची थट्टा त्यांनी मांडली, त्याच्या भट्टीजवळ ते वर्षानुवर्षे उभे होते. हा विनोद दाराच्या फटीतून डोकावून लिहिलेला नाही.

कथा थोडक्यात सांगतो. शॉन आणि बेव्हर्ली लिंकन हे लंडनमधील लेखक दांपत्य. त्यांनी लिहिलेली ‘लायमन्स बॉइज’ ही मालिका विलायतेत नावाजलेली आहे. मुलांच्या निवासी शाळेचा एक वयस्क, स्थूल, विद्वान मुख्याध्यापक हा तिचा नायक. ब्रिटनमधील बाफ्टा पारितोषिके मिळालेल्या रात्री मर्क लॅपिडस नावाचा एक अमेरिकन वाहिनीप्रमुख त्यांना गाठतो. तुमची कृती मला अतोनात आवडली, ती अमेरिकेत घेऊन चला, असा आग्रह धरतो. दोघे घरदार सोडून लॉस एंजेलिसला जातात. तेथे भाड्याच्या एका प्रचंड हवेलीत त्यांची राहण्याची सोय होते. हवेलीच्या वस्तीला फाटक आहे आणि फाटकावरचा रखवालदार या दोघांना ओळखायला काही केल्या तयार होत नाही. येथवर सारे हसण्यासारखेच. मग कळते की ज्या मर्कने त्या मालिकेच्या प्रेमात पडून यांना सातासमुद्रापार आणले, त्याने ती कधी पाहिलेलीच नाही!

हे वाक्य विनोद म्हणून ऐकून सोडून देऊ नका. स्तुती करण्यासाठी कृती पाहावी लागत नाही. निंदा करणारा निदान काहीतरी वाचून येतो, दोष शोधण्यापुरता तरी. पोकळ स्तुतीला तेवढाही खर्च नाही.

पुढचा प्रसंग मला या मालिकेतील सर्वांत मोलाचा वाटतो. मुख्याध्यापकाची भूमिका करणारा ज्युलियन बुलार्ड हा नट लंडनहून मुद्दाम बोलावला जातो. ज्याने ती भूमिका आधीच साकारून नाव मिळवले, त्याला एका खोलीत अधिकाऱ्यांपुढे उभे करून ती पुन्हा करून दाखवायला सांगतात. तो करून दाखवतो. खोली हसून लोटपोट होते. आणि हसणे ओसरल्यावर मर्कला शंका येते, की हा माणूस जरा जास्तच इंग्रज वाटतो काय? इंग्लंडातल्या शाळेचा इंग्रज मुख्याध्यापक इंग्रज वाटतो, हा त्याचा दोष ठरतो! ही भूमिका केली आहे रिचर्ड ग्रिफिथ्स यांनी. ‘द हिस्टरी बॉइज’ या नाटकात शिक्षकाची भूमिका करून त्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील रंगभूमीचे टोनी पारितोषिक मिळवले होते. म्हणजे मालिकेतील कल्पित अधिकारी ज्या नटाला ‘आमच्या लोकांना चालणार नाही’ म्हणतात, त्या नटाला तिथल्याच प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले होते. ‘लोकांना चालणार नाही’ या वाक्यातील लोक कोण, हे सांगणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. आपल्या भीतीला तो ‘लोक’ असे नाव देतो.

त्यानंतरचे बदल मी एकामागून एक सांगतो. त्यांचा क्रम ध्यानात घ्यावा. मुख्याध्यापकाच्या जागी मॅट लेब्लांक येतो. हा ‘फ्रेंड्स’मधील प्रसिद्ध नट येथे स्वतःच्याच नावाने, परंतु स्वतःचे एक विद्रूप सोंग घेऊन वावरतो. लेब्लांक मुख्याध्यापक शोभत नाही, म्हणून नायक बर्फावरच्या हॉकीचा शिक्षक होतो. मूळ कथेत नायक शाळेच्या ग्रंथपाल बाईंवर निष्फळ प्रेम करतो. निष्फळ अशासाठी की त्या बाईंचे मन स्त्रीकडे ओढ घेणारे आहे, आणि त्या हताश प्रेमातच मूळ कृतीची सारी करुणा साठवलेली आहे. नव्या मालिकेत ती अडचण काढून टाकली जाते, कारण मग पुढे प्रेमप्रकरण रंगवता येणार नाही. अखेर नावही जाते. ‘लायमन्स बॉइज’चे होते ‘पक्स!’. पक म्हणजे त्या हॉकीतील रबरी चकती. उरले काय? लेखकांची नावे उरली.

यांतील एकही बदल असा नाही की जो ऐकताच लेखकाने उठून घरचा रस्ता धरावा. प्रत्येक वेळी सांगणारा हसतमुख असतो, प्रत्येक वेळी एखादे कारण असते आणि ते कारण निम्मे तरी खरे वाटते. गाढवावर एकदम मणभर ओझे टाकले तर ते बसते. शेरशेराने टाकले तर चालत राहते. लेखकाचेही तसेच होते. शिवाय या मालिकेने एक फार खरी गोष्ट टिपली आहे, ती ही की दोघांपैकी एकटीच विरोध करते. बेव्हर्ली प्रत्येक पायरीवर अडते. शॉनला मात्र तिथले ऊन, हवेली आणि लेब्लांकची मैत्री यांची भुरळ पडते. मग हळूहळू कृतीचा नाश करणारा मर्क बाजूला राहतो आणि कटकटी ठरते ती नाश दाखवून देणारी बायको. घरात फूट पडते ती अशी, आणि पहिल्या पर्वाच्या अखेरीस त्यांचा संसारही मोडकळीस येतो. येथे बेव्हर्लीही निर्दोष राहत नाही, हे सांगितलेच पाहिजे. लेखकद्वयाने तिला देवी केले नाही, हे बरे केले.

दोन संस्कृतींचा झगडा म्हणून या मालिकेची ख्याती आहे. परंतु हा झगडा इंग्लंड आणि अमेरिका यांचा असण्यापेक्षा दोन प्रकारच्या बोलण्याचा अधिक आहे. लंडनचे दांपत्य शब्दाला शब्दाचा अर्थ आहे असे समजून चालते. हॉलिवूडच्या त्या कचेरीत ‘आम्हाला हे फार आवडले’ याचा अर्थ ‘आम्ही अजून विचार केलेला नाही’ येथपासून ‘हे आजच रद्द झाले’ येथपर्यंत काहीही असू शकतो. तेथे कोणी ‘नाही’ म्हणतच नाही. कॅरल रॅन्स नावाची मर्कची दुय्यम अधिकारी आहे; तिचे सारे कौशल्य वाईट बातमी साखरेत घोळून देण्यात खर्च होते. धन्याच्या प्रत्येक मताला ती मान डोलावते. आणि मर्कची नोकरी जाते, त्या खुर्चीवर आता आपण बसणार असे तिला वाटते, तेव्हा ती खुर्ची बाहेरून आणलेल्या एका पुरुषाला दिली जाते. मला या बाईची शॉनपेक्षा अधिक कणव आली. होकार देण्याची नोकरी करणाऱ्याला बढती मिळत नाही; त्याचा होकार तेवढा वापरला जातो.

तर मग परक्याची कृती आपल्या मातीत लावूच नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. याच हॉलिवूडचे एक खरे, जुने उदाहरण देतो. ‘स्टेप्टो अँड सन’ ही बीबीसीची १९६२ साली सुरू झालेली मालिका. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात भंगार गोळा करणारे बापलेक, त्यांचे दारिद्र्य आणि त्यांची भांडणे, एवढाच तिचा विषय. नॉर्मन लिअर आणि बड यॉर्किन यांनी १९७२ मध्ये ती ‘सॅनफर्ड अँड सन’ या नावाने अमेरिकेत आणली. गोरे बापलेक गेले आणि लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतील निग्रो, आजच्या भाषेत कृष्णवर्णीय अमेरिकन, बापलेक आले. वॉट्स म्हणजे तीच वस्ती, जेथे १९६५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांविरुद्ध उद्रेक होऊन ३४ माणसे मेली. बापाची भूमिका रेड फॉक्स यांनी केली. त्यांचे जन्मनाव जॉन एलरॉय सॅनफर्ड. म्हणजे मालिकेला त्या नटाच्या घराण्याचेच नाव मिळाले. बदल येथेही झाला, आणि ‘पक्स!’पेक्षा कितीतरी मोठा झाला. परंतु बापलेकांची गरिबी पुसली गेली नाही. उलट ज्यांना तोवर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर फारशी जागा नव्हती त्यांना घरमालकाची जागा मिळाली. तरीही सारे आलबेल नव्हते. १९७४ मध्ये मानधनाच्या वादावरून फॉक्स चित्रीकरण सोडून निघून गेले, आणि लेखकांच्या खोलीत काळ्या माणसांना पुरेसा वाव नाही ही तक्रारही तेव्हा पुढे आली. पडद्यावर चेहरा आला म्हणजे लेखणी हातात आली असे नव्हे. हा भेद आपल्या लोकांनी त्या लोकांइतकाच नीट समजून घेतला पाहिजे.

आणि येथेच ‘एपिसोड्स’चे उणे मला जाणवते. मालिका उत्तम आहे, पण तिची नजर एका खोलीपुरती आहे. लॉस एंजेलिस हे नावच स्पॅनिश. १८४८ पर्यंत तो मुलूख मेक्सिकोचा होता. २०२० च्या जनगणनेत त्या शहराची जवळजवळ निम्मी वस्ती हिस्पॅनिक वा लॅटिनो म्हणून नोंदवली गेली. या मालिकेतील प्रमुख पात्रे मात्र झाडून सारी गोरी आहेत. दोन गोऱ्या इंग्रजी भाषकांना एकमेकांचे बोलणे समजत नाही म्हणून सारा झगडा. ज्यांची भाषाच त्या कचेरीत कोणी ऐकून घेत नाही, ते बागेत, स्वयंपाकघरात आणि फाटकावर. (गंमत अशी की लॉस एंजेलिस म्हणून जे दिसते त्यातील बराचसा भाग इंग्लंडात चित्रित झाला आहे.) शिवाय ज्या धंद्याची ही थट्टा, त्याच धंद्याने २०१२ च्या जानेवारीत लेब्लांकला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब दिले. धंद्याला राग आला नाही. आपल्यावरचे हसू विकण्याइतका तो धंदा हुशार आहे. विडंबनाने मर्क लॅपिडस लाजत नाहीत. पुढच्या वर्षी ते विडंबनच विकत घेतात. खुद्द मालिकेतील मर्कही नोकरी गेल्यावर संपत नाही. शेवटच्या पर्वात तो माणसांना पेटीत कोंडण्याचा एक खेळ वाहिनीवर चालवताना दिसतो, आणि त्या खेळाचा सूत्रधार असतो लेब्लांक.

आता तुम्ही विचाराल की हॉलिवूडच्या हवेलीतील या दुःखाशी आपला काय संबंध. संबंध आपल्या दारापर्यंत येऊन गेलेला आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. करमाळ्याकडच्या भागातील गाव, मासेमाराचा मुलगा परशा, पाटलाची मुलगी आर्ची. वर्गात दलित कवींविषयी शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या मुस्कटात पाटलाचा मुलगा मारतो, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. तुमच्यापैकी अनेकांनी तो पडद्यावर प्रथम पाहिला नाही, आयुष्यात प्रथम पाहिला. दोन वर्षांनी, २० जुलै २०१८ रोजी, याच कथेचे हिंदी रूप ‘धडक’ आले. करमाळ्याचे उदयपूर झाले. मासेमाराचा मुलगा उपाहारगृहवाल्याचा मुलगा झाला. पाटलाच्या जागी राजघराण्यातील पुढारी आला. ‘झिंगाट’ राहिले. जात मात्र एखाददुसऱ्या वाक्यापुरती उरली, आणि ज्या भिंतीवर डोके आपटून ती दोन मुले मेली, ती भिंत श्रीमंती-गरिबीची आहे की घराण्याच्या अब्रूची, हे प्रेक्षकाने आपापले ठरवावे असे झाले. शेवटही बदलला. मंजुळे यांच्या चित्रपटात दोघे मारली जातात आणि पायाला रक्त लागलेले मूल चालत बाहेर येते. ‘धडक’मध्ये मुलगा आणि मूल मरतात, मुलगी जिवंत राहते.

ग्रंथपाल बाईंची अडचण दूर केली की प्रेमप्रकरण रंगवता येते. जातीची अडचण दूर केली की प्रेमकथा सर्व देशाला चालते. मर्कचा आणि मुंबईचा हिशेब एकच. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच निर्मितीसंस्थेने २०२५ मध्ये ‘धडक २’ काढला. तो मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या तामिळ चित्रपटावर आधारलेला असून त्यात जातीचे नाव घेतलेले आहे, नायक कायद्याचा दलित विद्यार्थी आहे. त्याला प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी परिनिरीक्षण मंडळाकडून संवादांत काटछाट झाली, ही गोष्ट वेगळी. म्हणजे निर्मात्याने अडचण ठेवली तर ती काढणारा दुसरा एक जण रांगेत उभा असतोच.

हे सारे मी का लिहितो आहे ते आता सांगतो. आपल्या घरांत आज लिहिणारी मुले-मुली आहेत. कथा आहेत, आत्मकथने आहेत, एकांकिका आहेत, आणि मुंबईच्या कंपन्यांना अशा लेखनाची गरज आहे. उद्या कोणाला निरोप येईल, ‘तुमची कथा आम्हाला फार आवडली.’ तेव्हा हरखून जाणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या आजोबांना चावडीवर बसू दिले जात नव्हते त्यांच्या नातवाला कोणी गादीची खुर्ची दिली, तर त्याला बरे वाटणारच. बरे वाटू नये असे सांगणारा मी कोण? पण सही करण्याआधी कायद्याचा एक कोपरा त्याने पाहून ठेवावा.

शॉन आणि बेव्हर्ली अमेरिकेत अगतिक का झाली, याचे एक उत्तर तिथल्या कायद्यात आहे. अमेरिकेत मोबदला घेऊन कंपनीसाठी करारान्वये केलेल्या अशा लेखनाची कायद्याने ‘लेखक’ कंपनीच ठरते. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्याने लेखकाला कृतीची मोडतोड थांबवण्याचा हक्क दिला आहे, परंतु लेखक तो लेखी सोडून देऊ शकतो. आणि ज्याच्या हाती पैसा, तो असे सोडून द्यायला लावतो. आपल्या देशातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम याहून लेखकाच्या बाजूचे आहे. कृतीचे सर्व हक्क विकून टाकल्यानंतरही लेखकाकडे दोन गोष्टी राहतात, असे ते कलम सांगते: ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड होऊन आपल्या प्रतिष्ठेला वा लौकिकाला बाध येत असेल तर ती रोखण्याचा किंवा भरपाई मागण्याचा हक्क. कॉपीराइटसाठी नोंदणीही सक्तीची नाही; कृती लिहून झाली की हक्क जन्माला येतो. म्हणून हस्तलिखिताची तारखेसह एक प्रत घरात राहू द्यावी, आणि करारपत्रात ‘रूपांतर’ हा शब्द जेथे येतो ते पान दोनदा वाचावे, वकिलाकडूनही एकदा वाचून घ्यावे.

हे कलम केवळ पुस्तकात पडून राहिलेले नाही. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क एका कंपनीला दिले होते. ‘समय की धारा’ या नावाने तयार झालेला चित्रपट पाहिल्यावर आपल्या कादंबरीचा विपर्यास झाला आहे असे त्यांचे म्हणणे पडले. खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. करार झालेला होता, सही झालेली होती, चित्रपट तयार होता. १९८६ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. तरीही उच्च न्यायालयाने आपला निर्णय लिहिला, आणि हक्क विकल्यानंतरही लेखकाचा हा विशेष हक्क शिल्लक राहतो, असे त्यात नमूद करून ठेवले.